मी न वाचलेले वाक्य

वंदू,

तुला जाऊन सहा दिवस झाले होते, तेव्हा रेणुका आली. डोणगावहून सकाळच्या एसटीने निघाली, मेहकरला गाडी बदलली, आणि भर दुपारी चिखलीच्या या घराच्या पायरीशी चपला काढून उभी राहिली. कडेवर तिची मुलगी होती. तुझ्या फोटोसमोर ती रडली नाही. पदराने मानेवरचा घाम पुसून तिने मला एकच प्रश्न विचारला. तिला खरे सांगायचे की नाही, यावर आपण दोघी बहिणी चार वर्षे भांडलो. त्या दुपारी भांडायला समोर तू नव्हतीस.

काय झाले ते तुला कळायला हवे. तुला क्रम लागे. आधी काय, मग काय, आणि कशामुळे. मी मधूनच सुरुवात केली की तू हात वर करून थांबवायचीस. म्हणून हे तुझ्या पद्धतीने लिहिते, मला जमेल तितके.

तुझ्या हातांना स्पिरिटचा वास असे. दिवाळीला तू घरी आलीस आणि करंज्या भरायला बसलीस की खोबऱ्याच्या आणि वेलदोड्याच्या वासाखालून तो थंड, कोरडा वास वर येई. आई म्हणायची, "पोरी, दवाखाना हातातच घेऊन येते तू." सतत धुऊन तुझ्या बोटांची पेरे कागदासारखी झाली होती. तुझ्या शेवटच्या महिन्यात मी ओल्या फडक्याने तुझे हात पुसत असे, आणि एके दिवशी माझ्या ध्यानात आले की तो वास गेला आहे. उरला होता तो नुसता तापाचा, औषधाचा वास, कोणत्याही आजारी माणसाचा. डॉक्टरांनी आशा नाही असे सांगितले त्याच्या दोन दिवस आधीची ही गोष्ट. मला तेव्हाच कळले होते.

तुझे काम मला समजावे म्हणून तू किती झटलीस. मूल जन्मल्यावर नाळेत आणि वारेत थोडे रक्त उरते. त्यात अशा काही पेशी असतात, ज्यांच्यापासून माणसाचे सगळे रक्त घडते. ज्याचे रक्त आजाराने नासले आहे, त्याला त्या देता येतात. पण एका नाळेतल्या पेशी लहान मुलाला पुरतात, मोठ्या माणसाला पुरत नाहीत. म्हणून त्या प्रयोगशाळेत वाढवून पाहायच्या. एवढे मला पाठ झाले होते. आई मात्र तुला स्वयंपाकघरातूनच उत्तर द्यायची.

"म्हणजे विरजणच की व. चमचाभर घ्या, गंजभर दही करा."

"नाई आई. दह्याचं पुन्हा विरजण होते. माह्या पेशी वाढतात, पण वाढता वाढता साध्या होऊन जातात. मंग त्याइच्यापासून पुढं काई होत नाई. वीस-एकवीस दिवसात खेळ खलास."

"मंग इतके वर्सं तू काय करून राह्यली?"

"तेच. विरजण विरजणच राहावं, असं काई जमते का, ते पाहून राह्यली."

"म्हणजे अजून दही नाई लागलं," आई म्हणाली, आणि तुझे तोंड पाहून बराच वेळ हसत राहिली.

मी त्या दिवशी म्हटले होते की त्या पेशी वाढताना आपले मूळ विसरत असतील. तू हातातली वाटी खाली ठेवलीस. "आक्का, विसरायले आधी याद असा लागते. पेशीले याद नसते. तू उगा तिच्यात माणूस घालू नको." आपल्या वादाची सुरुवात तिथली आहे. मी तेव्हा मनात म्हटले, हिला कवितेचे अंग नाही. तुझ्या बोलण्यातला इशारा माझ्यासाठी होता, हे मला फार उशिरा कळले.

तुझी प्रयोगशाळा संभाजीनगरला, इथून चार तासांवर. चिखलीत तुझ्या वर्गमैत्रिणीचे प्रसूतिगृह होते, म्हणून तू नाळेचे रक्त इथून न्यायचे ठरवलेस. सासवा अडून बसल्या. वार घरी न्यायची, हळदकुंकू वाहून अंगणात पुरायची, वर दगड ठेवायचा. ती दवाखान्यात सोडून कशी चालेल? तू त्यांच्याशी वाद घातला नाहीस. म्हणालीस, मला फक्त रक्त हवे, वार तुमची तुम्हाला परत मिळेल. आणि प्रत्येक वेळी ती तू स्वच्छ फडक्यात बांधून, दोन्ही हातांनी, सासूच्या ओंजळीत दिलीस. मी ते पाहिले आहे. देवघरातला नैवेद्य कोणी इतक्या अदबीने देत नाही. त्या बायका तुझ्यावर विश्वासल्या त्या यामुळे.

मग तू संमतीचा कागद माझ्यापुढे ठेवलास. "साध्या मराठीत करून दे. गोड करू नको." मी केला. त्यात एक वाक्य होते: 'या पेशी काही दिवस वाढवल्या जातील, त्यांचा अभ्यास केला जाईल, आणि त्यानंतर त्या नष्ट केल्या जातील.' 'नष्ट' या शब्दावर मी अडले होते. 'संपवल्या जातील' लिहू का, असे तुला विचारले होते. तू म्हणालीस, "नष्टच लिह्य. उगा शंका नको राहायले."

बायकांना तो कागद वाचून दाखवायचे काम तू मला दिलेस, कारण तुझ्या मते माझ्या वाचण्याला बायका कान देतात. रेणुका खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, बावीस-तेवीस वर्षांची, नऊ महिने भरलेली, पहिलटकरीण म्हणून माहेरी आलेली. शेजारी तिची आई. खोलीत उकळलेल्या कपड्यांचा आणि जंतुनाशकाचा वास होता, आणि खिडकीतून उन्हाळ्यातल्या रस्त्याची धूळ आत येत होती. मी वाचत वाचत त्या वाक्यापाशी आले आणि माझी जीभ उचलेना. ज्या घरात मीठ सरले तरी सरले म्हणत नाहीत, त्या घरात आपण वाढलो. भरल्या दिवसांच्या बाईसमोर, तिच्या पोटातल्या लेकराबद्दलच्या कागदातून, 'नष्ट' हा शब्द मी कसा उच्चारणार होते? मी ते वाक्य गाळले. त्या जागी, कागदावरच नजर ठेवून, मी म्हटले, "तुझ्या लेकराचं रक्त तिथं जिवंत राहील, वाढत राहील." वाक्याला ताल होता. म्हणताना मला बरे वाटले, हेही इथे लिहून टाकते. रेणुका दहावी शिकलेली आहे. तिला कागद वाचता आला असता. पण मी, कॉलेजातल्या मॅडमने, वाचला म्हणून तिने नुसती सही केली. तू पलीकडच्या खोलीत रक्ताच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या लावत होतीस.

मुलगा झाला. तिची आई बाजारात भाजी घेऊन बसते, मेथीची जुडी झटकत मला विचारायची, "मॅडम, आमच्या नातवाचं रगत कसं आहे?" मी म्हणायचे, "चांगलं आहे. वाढून राह्यलं." ती खूश होऊन एक जुडी आणखी टाकायची. मी ती घरी आणून निवडून खात होते, वंदू.

आठव्या महिन्यात बाळाला ताप आला. डोणगावहून बुलढाण्याला नेताना जीपमध्ये, तिच्या मांडीवर, ते गेले.

पंधरा दिवसांनी ती आईला घेऊन माझ्याकडे आली. तू संक्रांतीसाठी आली होतीस. तीळ भाजल्याचा वास घरभर होता. ती आत आली आणि त्या वासात दुसरा एक वास मिसळला. तिचे दूध अजून आटले नव्हते. ती खाली बसली, तुझ्याकडे पाहून म्हणाली, "डॉक्टर ताई, माह्या बाबूचं रगत तुमच्यापाशी आहे ना. मॅडमनं वाचून दाखवलं होतं. जित्तं आहे ना ते?"

तू तिच्याकडे पाहिले नाहीस. माझ्याकडे पाहिलेस. त्या एका नजरेत तू मी गाळलेले वाक्य पूर्ण वाचलेस. मी मान हलवून तुझी विनवणी केली. आणि तू, जिने छापून आलेल्या शोधनिबंधातला एक आकडा चुकला म्हणून स्वतः पत्र लिहून तो अख्खा निबंध मागे घेतला होता, ती तू म्हणालीस, "हाव. आहे."

"मले दाखवसान?"

पुढच्या आठवड्यात आपण तिला आणि तिच्या आईला प्रयोगशाळेत घेऊन गेलो. आतल्या खोलीत बाहेरच्यांना जाता येत नाही, म्हणून तू एक चपटी बाटली बाहेर आणलीस. तळाशी बोटभर गुलाबी पाणी. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलीस. रेणुकाने डोळा लावला, आणि कितीतरी वेळ काढला नाही. नंतर मीही पाहिले. भिजलेल्या साबुदाण्यासारखे बारीक गोल दाणे, कडेने चमकणारे, काही एकेकटे, काही घोसाने.

"हे खातात काय, ताई?"

"या पाण्यातच त्याइचं खाणं असते. त्याचा रंग पिवळा होऊ लागला का समजते, खाऊन झालं. दर दोन दिवसांनी बदलून देते मी."

"तुमच्याच हातानं?"

"माह्याच हातानं."

तिने एका बोटाने बाटलीच्या तळाला स्पर्श केला. "कोंबट आहे," ती आईला म्हणाली.

त्या पेशी दुसऱ्याच कोण्या बाईच्या लेकराच्या होत्या. बाहेर काढलेली बाटली पुन्हा आत नेता येत नाही. त्या दोघी बाहेर गेल्यावर तू ती रिकामी केलीस आणि हात धुवायला लागलीस. तू इतका वेळ हात धूत होतीस की मला तुझ्या पाठीकडे पाहत उभे राहावे लागले.

"तू ते वाक्य वाचलंच नाई, आक्का?"

"भरल्या दिवसांच्या बाईसमोर कसं वाचू?"

"ते वाक्य तिच्याचसाठी होतं. डॉक्टरायसाठी नव्हतं."

मी म्हणाले की आज खरे सांगितले असते तर तिचे मूल दुसऱ्यांदा मेले असते. तू नळ बंद केलास. "दुसऱ्यांदा नाई. एकदाच मेलं असतं, नीट. आता ते ना मेलं ना जगलं. आणि मी खोटी झाली, तुह्यासाठी."

चार वर्षे. तू म्हणायचीस सांगून टाकू, मी म्हणायचे तिला दुसरे मूल होऊ दे. तिला मुलगी झाली. त्या बाळंतपणात तिने रक्त द्यायला नकार दिला. "एक तिकडं आहे, तेवढं पुरे," म्हणाली. मी ते तुला फोनवर जवळजवळ विजयाने सांगितले: पाहा, तिला तेवढ्याने समाधान आहे. दर महिन्या-दोन महिन्यांनी ती तुला फोन करी, आणि तुझी उत्तरे दर वेळी एका शब्दाने कमी होत. शेवटी शेवटी तू नुसते "हाव" म्हणत होतीस. हे ओझे मी तुझ्या खांद्यावर ठेवले होते. तू एकदाही तिला म्हणाली नाहीस की मॅडमने चुकीचे वाचले. कोणालाच म्हणाली नाहीस. माझ्या कॉलेजात, माझ्या ओळखीत, या गावात मी ज्या मानाने वावरते, तो मान तू तुझ्या खोटेपणाने सांभाळलास. या उपकाराबद्दल मी तुला एक शब्द बोलले नाही. तू हयात असताना बोलले असते तर तू म्हणाली असतीस, "मंग वाच न आता ते वाक्य." म्हणून बोलले नाही.

मग पोटातली गाठ निघाली, आणि तू माझ्याकडे राहायला आलीस. दुखणे वाढले तसे तुझे बोलणे कमी झाले, पण डोके शेवटपर्यंत लख्ख होते. माझी नवी कविता मी तुला वाचून दाखवली तेव्हा डोळे मिटून ऐकलीस आणि म्हणालीस, "चांगली आहे. खरी आहे काय, ते तूच पाह्य."

तू जाण्याच्या अकरा दिवस आधी म्हणालीस, "रेणुकाले बोलाव. मले तिले सांगायचं आहे."

"बोलावते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, "आली काय?"

"गाडी नसेल मिळाली."

मी फोन केलाच नव्हता. तुझ्यात बोलण्याचे त्राण नाही, तिला पाहून तुला त्रास होईल, अशी कारणे मी स्वतःला देत राहिले. खरे कारण एवढेच की तू तिला सगळे सांगितले असतेस, आणि ते वाक्य कोणी गाळले हे तिने विचारले असते. तू रोज विचारलेस. सहाव्या-सातव्या दिवसापर्यंत शब्दांनी, नंतर दाराकडे नुसते बोट उचलून. मी पाणी हवे का म्हणून चमचा तुझ्या ओठांशी नेत असे. अखेरच्या सकाळी तू त्या पाण्याकडून तोंड फिरवलेस. आपल्या दोघींमधले शेवटचे जे काही आहे, ते हे.

आता रेणुकाचा प्रश्न. तुझ्या फोटोकडे पाहत तिने विचारले, "मॅडम, ताई तं गेल्या. आता माह्या बाबूले खायले कोण देते?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होते. तिथे दुसऱ्या ताई आहेत, त्या काळजी घेतात. नीट बसलेले वाक्य, हळू आवाजात म्हणता येण्याजोगे. ते मला ओठांवर जाणवले, आणि त्याची शिसारी आली.

"कोणी देत नाही, रेणुका," मी म्हणाले. "तिथं तुझ्या बाबूचं काही नाही. ताईने दाखवलं ते दुसऱ्या मुलाचं होतं. कागदावर एक वाक्य होतं, ते मी तुला वाचून दाखवलं नाही. ताईची त्यात चूक नाही. माझी आहे." आणि मी ते वाक्य तिला म्हणून दाखवले, 'नष्ट' या शब्दासकट. जवळजवळ पाच वर्षांनी. ते मला पाठ होते.

मुलगी तिच्या बांगड्यांशी खेळत होती. मी वाट पाहत होते की ती मला काही बोलेल, शिवी देईल, उठून जाईल. माझी तयारी होती. खरे तर मला ते हवे होते.

"कधी?" तिने विचारले.

मला समजले नाही.

"त्याचं रगत कधी सरलं? कोणत्या दिवशी?"

मी तुझी बॅग उघडली. प्रयोगशाळेत नावे लिहायची नसतात, नुसते आकडे. पण बायका विचारतात म्हणून तू एक वही स्वतःपुरती ठेवली होतीस, आकड्यासमोर आईचे नाव. रेणुकाचे नाव सापडले. खाली तुझ्या बारीक अक्षरात दिवसांची ओळ, आणि एकविसाव्या दिवसासमोर लिहिले होते, 'संपले'. कागदावर तू मला लिहू दिला नव्हतास तो शब्द तुझ्या स्वतःच्या वहीत होता. मी तिला सांगितले. जन्मानंतर एकविसावा दिवस.

ती बोटांच्या पेरांवर मोजू लागली. "बारसं झालं, त्याच्या नवव्या दिवशी. तवा तं तो माह्यापाशीच होता. तेल लावून देत होती मी त्याले. धडधाकट होता."

"हो."

"म्हणजे जीपमधी गेला तवा सारा गेला. तिकडं काईच नव्हतं राह्यलं."

"काहीच नाही."

तिने मुलीला मांडीवरून उतरवून बाजूला बसवले. मग भिंतीला पाठ टेकली, डोळे मिटले, आणि असे बोलू लागली, जणू मी तिथे नव्हतेच. "चार वर्सं झाले. घास उचलला का मले वाटे, तो तिकडं परक्या हातानं खाऊन राह्यला. सणावाराले ताई इकडं येत, तवा मी डोणगावात बसून दिवस मोजू. दोन झाले, तीन झाले, आता कोण देत असन त्याले. एखाद्या वक्ती ताई इसरल्या तं. पोरीले दूध पाजाव, तं त्याचीच याद. इले पाजते अन् त्याले नाई. ताईले इचारू इचारू मी थकली. त्या नुसतं हाव म्हणत. ताईले राग येत असन, असं वाटे."

"राग नव्हता तो."

"नाई न," ती म्हणाली.

तिने डोळे उघडले. "मॅडम, भाकर आहे काय?"

सुतकाचे घर, आपल्याकडे चूल पेटली नव्हती. शेजारणीने आणून ठेवलेल्या ज्वारीच्या भाकरी होत्या, पिठले होते, कांदा. मी ताट केले. तिने पहिला घास मोडला, मुलीला दिला, दुसरा स्वतः घेतला, आणि मग ती मान खाली घालून जेवत राहिली, न थांबता. दोन भाकरी. मी तिसरी वाढली, तीही. ताट पुसून झाल्यावर तिने मला पाणी मागितले आणि तांब्या एका दमात रिता केला. जाताना तुझ्या फोटोला नमस्कार केला, मला केला नाही.

वंदू, तू बरोबर होतीस. पण हे तुला लिहिण्यासारखे नाही, ते तुला ठाऊकच होते. लिहिण्यासारखे हे आहे, की तू तिला बोलवायला सांगत होतीस त्या अकरा दिवसांत रोज सकाळी डोणगावहून गाडी सुटत होती. त्यातल्या कोणत्याही दिवशी ती इथे, तुझ्या खाटेशी बसून, अशीच जेवली असती, आणि तू ते पाहिले असतेस.